दोन महायुद्धांच्या मधली जागतिक प्रदर्शनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आजोबांच्या तिकिटांच्या वहीत एक लांबट लाल तिकीट आहे. एका पेनीचं. त्यावर पंचम जॉर्जचा चेहरा, सोबत छाती काढून उभा असलेला सिंह आणि १९२४ हे साल. लहानपणी मला वाटायचं, हे सर्कशीचं असणार. फार चुकलो नव्हतो. लंडनमधल्या वेम्बलीच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी काढलेलं ते टपाल तिकीट होतं, आणि एखाद्या प्रसंगासाठी म्हणून ब्रिटनने खास तिकिटं काढण्याची ती पहिलीच वेळ. त्या सिंहापायी मी या विषयाच्या नादी लागलो. बोलायला बसलं की लोक हमखास जे विचारतात, त्याची उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

जागतिक प्रदर्शन म्हणजे नेमकं काय?

मंगल कार्यालयात साड्या आणि पापड-लोणच्यांचं 'एक्झिबिशन कम सेल' लागतं, ते नव्हे. इथे विकणं दुय्यम, मिरवणं मुख्य. एखादं शहर शेकडो एकर जागा मोकळी करतं, देशोदेशीची सरकारं आणि बड्या कंपन्या तिथे आपापली दालनं उभी करतात, सहाएक महिने लोकांची रीघ लागते आणि मग बहुतेक सगळं पाडून टाकतात. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने ही प्रथा पाडली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाने आयफेल टॉवर दिला. आपल्या जत्रेशी याचं नातं जवळचंच. पाळणे, खाऊचे ठेले, हरवलेली पोरं, दुखणारे पाय, सगळं तेच. फक्त मधोमध देवळाच्या जागी यंत्रं.

मग १९१९ ते १९३९ चाच काळ वेगळा का काढायचा?

कारण पहिल्या महायुद्धाने या प्रथेचा पायाच उखडला होता. 'यंत्रं वाढली की माणूस सुधारतो' हे एकोणिसाव्या शतकातल्या प्रदर्शनांचं गृहीतक. त्याच यंत्रांनी १९१४ ते १९१८ या चार वर्षांत लाखो पोरं खंदकात गाडली. त्यानंतर पुन्हा मांडव घालून 'या, प्रगती बघा' म्हणायचं तर आवाज चढवावाच लागणार. या वीस वर्षांतली प्रदर्शनं आकाराने प्रचंड आहेत, झगमगाटाला तोड नाही, पण जरा निरखून पाहिलं की प्रत्येकामागे कुठली तरी धास्ती दिसते. ब्रिटनला साम्राज्य सैल होण्याची, फ्रान्सला तीच, अमेरिकेला मंदीची, हिटलर-स्टालिनला एकमेकांची. माझ्या मते हीच त्यांची खरी गंमत.

कुठे कुठे भरली होती?

मोठी तेवढी सांगतो. १९२४-२५ वेम्बली, १९२५ पॅरिस, १९२६ फिलाडेल्फिया (पावसाने धुऊन नेलं, तोट्यात गेलं), १९२९ बार्सिलोना आणि त्याच वर्षी सेव्हिल, १९३१ पुन्हा पॅरिस, १९३३-३४ शिकागो, १९३५ ब्रसेल्स, १९३७ पुन्हा एकदा पॅरिस, १९३८ ग्लासगो आणि १९३९-४० न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को. पॅरिसकरांना या गोष्टीचं व्यसनच होतं म्हणायचं.

वेम्बलीत एवढं काय होतं?

२३ एप्रिल १९२४ रोजी, म्हणजे इंग्लंडचा संरक्षक संत जॉर्ज याच्या दिवशी, राजाने उद्घाटन केलं. त्याचं भाषण बीबीसीने रेडिओवरून ऐकवलं. ब्रिटिश राजाचा आवाज प्रजेला असा घरबसल्या ऐकू येण्याची ही पहिली वेळ. दोन वर्षांत मिळून सुमारे २ कोटी ७० लाख लोक येऊन गेले.

पाहण्यासारखं खूप होतं आणि त्याला काही ताळतंत्र नव्हता. तुतानखामेनची कबर सापडून जेमतेम दीड वर्ष झालं होतं, तर तिची प्रतिकृती हजर. कॅनडाच्या दालनात शीतकपाटात ठेवलेला, निव्वळ लोण्यातून घडवलेला युवराज आणि त्याचा घोडा. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे वाफेचं इंजिन.

मला सर्वांत आवडते ती तिथली 'न थांबणारी रेल्वे'. रुळांच्या मधोमध एक लांबच लांब स्क्रू सतत फिरत असे आणि डब्यांना तोच पुढे ढकलत असे. स्टेशनाजवळ स्क्रूचे आटे दाट, त्यामुळे डबा मुंगीच्या पावलांनी सरके. दोन स्टेशनांच्या मध्ये आटे विरळ, त्यामुळे तो वेग घेई. चालक नाही, गार्ड नाही. फलाटावरून चालत्या डब्यात पाऊल टाकायचं आणि बसायचं. ज्याने लोकल पकडली आहे त्याला यात नवल वाटणार नाही, पण इंग्रजांना वाटलं.

हिशेबात मात्र सगळं तोट्यात गेलं. पहिल्या वर्षी खर्च निघेना म्हणून १९२५ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा माणसं आणखी कमी आली.

भारत तिथे कसा दिसला?

पांढराशुभ्र, घुमट-मिनारांचा. दिल्लीची जामा मशीद आणि ताजमहाल यांची सरमिसळ करून भारताचं दालन बांधलं होतं. आत प्रांताप्रांतांचे कक्ष, बाहेर चौकात गारुडी आणि जादूगार.

मुंबईचा वाटा वेगळा उल्लेखण्याजोगा आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी एक अख्खी 'इंडियन रूम' सजवून वेम्बलीला पाठवली होती. प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा खास वर्ग सुरू केला होता, त्या पोरांचं हे काम. भारतीय चित्रकलेचं पुनरुज्जीवन म्हणजे बंगाल, असं तेव्हा सगळीकडे ठरून गेलेलं असताना 'आम्हीही आहोत' असं सांगण्याची मुंबईची ही धडपड होती. गंमत अशी की ते सांगायलाही लंडनचा दिवाणखानाच लागला.

आणि हे सगळं काही राजीखुशीने झालं नव्हतं. जुलै १९२३ मध्ये ब्रिटिश सरकारने केनियातल्या भारतीयांच्या हक्कांबाबत गोऱ्या वसाहतवाल्यांना झुकतं माप देणारं धोरण जाहीर केलं. त्यावर श्रीनिवास शास्त्रींसारखे अत्यंत मवाळ पुढारीसुद्धा भडकले आणि साम्राज्य प्रदर्शनावर बहिष्कार टाका म्हणू लागले. एकीकडे 'साम्राज्याच्या कुटुंबात' बोलवायचं आणि दुसरीकडे त्याच कुटुंबात जमीन घ्यायला बंदी करायची, हे शास्त्रींना गिळवेना. दालन उभं राहिलं, पण आमंत्रणातला गोडवा गेला होता.

लंडनमध्ये शिकणाऱ्या पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांनीही आपल्या लोकांना 'खेड्यात' बसवून दाखवण्याविरुद्ध तक्रार केली होती. तेव्हाच्या लोकांना काही खटकतच नसे, असं कोणी म्हणालं तर हे दोन दाखले पुढे करावेत.

वेम्बलीचं मागे काय उरलं?

फुटबॉलचं स्टेडियम. प्रदर्शनासाठीच बांधलेलं, १९२३ मध्येच उघडलेलं आणि २००३ पर्यंत जमीनदोस्त झालेलं. आणि दुसरी, कोणाच्याही योजनेत नसलेली गोष्ट म्हणजे एक हॉटेल. भारताच्या दालनातलं उपाहारगृह एडवर्ड पामर नावाचा गृहस्थ चालवत होता. इंग्रज लोक रांगा लावून करी खातात हे त्याने पाहिलं आणि १९२६ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 'वीरस्वामी' उघडलं. ते पुढे कित्येक दशकं चाललं. साम्राज्याच्या नावाने ओतलेल्या काँक्रीटपेक्षा रस्सा जास्त टिकला.

आर्ट डेको याच काळात जन्माला आलं का?

इमारती, फर्निचर, दागिने यांची ही ठसठशीत, भौमितिक शैली आधीपासून घडत होती. तिला चेहरा मिळाला १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात. ते प्रदर्शन 'आधुनिक शोभेच्या आणि औद्योगिक कलांचं' होतं आणि नियम असा की जुन्या शैलींची नक्कल चालणार नाही. अमेरिकेने 'आमच्याकडे तसं आधुनिक काही नाही' म्हणून भागच घेतला नाही. तसं सांगणारे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

'आर्ट डेको' हे नाव मात्र त्या वेळी कोणाच्या तोंडी नव्हतं. ते रुळलं १९६० च्या दशकात, प्रदर्शनाच्या लांबलचक फ्रेंच नावातूनच.

त्या वर्षी आयफेल टॉवरवर सित्रोएन या मोटार कंपनीचं नाव सुमारे अडीच लाख दिव्यांनी लिहिलं होतं. आपल्याकडे देवळाच्या कळसावर जाहिरात लावली तर काय होईल, तसं काहींना वाटलं असणार. ते नाव १९३४ पर्यंत झळकत राहिलं.

सोव्हिएत रशियाने मेल्निकोव्ह या वास्तुविशारदाकडून लाकूड आणि काचेचं तिरकं दालन उभारून घेतलं. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाचं दालन संयोजकांना इतकं नकोसं झालं की त्यांनी त्याच्यासमोर उंच कुंपण घातलं, आणि मंत्र्याने लक्ष घातल्यावरच ते निघालं. जागेवरचं झाड तोडायला परवानगी नव्हती, म्हणून त्याने छताला भोक ठेवलं आणि झाड तसंच वर जाऊ दिलं. आत मात्र पॅरिसचा जुना मध्यभाग पाडून तिथे गगनचुंबी इमारती उभ्या करण्याचा आराखडा मांडलेला होता. एक झाड वाचवणारा माणूस अर्धं शहर पाडायला निघाला होता.

मरीन ड्राइव्हच्या इमारतींशी याचा संबंध आहे का?

आहे, पण पॅरिसहून नकाशे आले आणि इथे इमारती उठल्या इतका सरळ नाही. बॅकबेच्या भरावावर १९३० च्या दशकात प्लॉट पडले, सिमेंट काँक्रीट स्वस्त झालं, आणि जे. जे. मधून शिकून निघालेल्या भारतीय वास्तुविशारदांच्या हाती कामं येऊ लागली. मासिकं आणि सिनेमे यांतून ती शैली त्यांच्या डोळ्यांसमोर होतीच. गोल वळणाच्या गॅलऱ्या, छज्जे, जिन्याच्या खिडकीवरचे उगवतीचे किरण, १९३३ चं रीगल आणि १९३८ चं इरॉस ही सिनेमागृहं, हे सगळं त्यातून आलं. नोव्हेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरलं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनेच ते भरवलं आणि नव्या फ्लॅटात कसं राहायचं ते मुंबईकरांना दाखवलं. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या माणसाला 'बेडरूम' ही स्वतंत्र वस्तू असते हे दाखवावंच लागत होतं. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने ओव्हल आणि मरीन ड्राइव्हचा हा समूह, शेजारच्या गॉथिक इमारतींसकट, जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

प्रदर्शन कोणीही भरवू शकत होतं का?

१९२८ पर्यंत, हो. कोणीही उठावं आणि 'जागतिक' म्हणावं. आमंत्रणं नाकारता येत नाहीत आणि दालनांचा खर्च परवडत नाही, अशा कात्रीत सरकारं सापडली. अखेर २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसमध्ये ३१ देशांनी करार केला आणि किती वर्षांनी, कोणत्या नियमांनी प्रदर्शन भरवायचं हे ठरवणारी संस्था नेमली. तिचं कार्यालय अजून पॅरिसमध्येच आहे.

बार्सिलोनाचं जर्मन दालन रिकामं होतं म्हणतात. मग त्याचं एवढं कौतुक का?

रिकामं होतं म्हणूनच. वास्तुविशारद मीस फान डेर रोह आणि त्याची सहकारी लिली राइश यांनी १९२९ मध्ये ते केलं. एक सपाट छत, क्रोमचे आठ खांब, संगमरवर आणि सोनेरी ओनिक्स दगडाच्या सुट्या भिंती, उथळ पाणी, आणि त्या पाण्यात गेओर्ग कोल्बेचा एकच स्त्रीपुतळा. विकायला किंवा दाखवायला वस्तू नाही. स्पेनचा राजा येणार म्हणून त्याच्यासाठी दोन खुर्च्या केल्या. त्या 'बार्सिलोना चेअर'च्या नकला आज प्रत्येक चकचकीत ऑफिसच्या स्वागतकक्षात असतात, आणि त्यांत बसून कुणाला आराम मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

हरलेल्या, कर्जबाजारी जर्मनीला 'आम्ही बदललो, आम्ही मोकळे आहोत' एवढंच सांगायचं होतं. १९३० मध्ये दालन मोडून माल विकला. १९८६ मध्ये जुने फोटो आणि जमिनीतला पाया यांच्या आधारे ते त्याच जागी पुन्हा बांधलं. १९३७ मध्ये त्याच जर्मनीने पॅरिसमध्ये काय उभारलं ते पुढे येतंच आहे. मधे फक्त आठ वर्षं.

माणसांना प्रदर्शनात ठेवत असत, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देऊ नये.

६ मे १९३१ रोजी पॅरिसजवळ व्हँसेनच्या रानात फ्रान्सचं वसाहत प्रदर्शन उघडलं. मार्शल ल्योते प्रमुख. सुमारे ३ कोटी ३० लाख तिकिटं खपली. कंबोडियातल्या अंगकोर वाटचा मधला भाग प्लास्टरमध्ये पूर्ण उंचीचा उभा केला होता आणि रात्री त्यावर प्रकाशझोत सोडत. पुदुच्चेरीसकट फ्रेंच भारताचंही दालन होतं. लोक एका दिवसात 'जगाची सफर' करून, पाठीमागे कोण राबतंय याचा विचार न करता, संध्याकाळच्या गाडीने घरी जात.

त्याच वेळी पॅरिसच्याच एका बागेत, मुख्य प्रदर्शनाच्या कुंपणाबाहेर, न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटावरून आणलेल्या शंभरावर कनक लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, 'नरभक्षक' म्हणून दाखवत होते. त्यांतले कित्येक शिकलेले, फ्रेंच बोलणारे होते. तुमची संस्कृती दाखवायला चला, असं सांगून त्यांना बोटीत चढवलं होतं. त्यांतल्या काहींना पुढे जर्मनीतल्या प्राणिसंग्रहवाल्याकडे पाठवलं आणि बदल्यात मगरी घेतल्या. चुकून लिहिलेलं नाही, मगरीच. या लोकांपैकी एकाचा पणतू ख्रिस्तियाँ कारँब्यू १९९८ मध्ये फ्रान्सकडून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला.

विरोध झाला का? थोडा झाला. ब्रेताँ, एल्यूआर, आरागाँ या सर्रिअलिस्ट (अतिवास्तववादी) कवी-लेखक मंडळींनी 'वसाहत प्रदर्शनाला जाऊ नका' असं पत्रक वाटलं आणि कम्युनिस्टांच्या साथीने वसाहतींचं खरं रूप दाखवणारं प्रतिप्रदर्शन भरवलं. तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही. व्हँसेनची गर्दी कमी झाली नाही.

एक उलटी गोष्टही घडली. डच दालनात बालीच्या नर्तकांचा ताफा आला होता. त्यांचं नृत्य पाहून फ्रेंच नाटककार अँतोनँ आर्तो इतका हलला की नाटक म्हणजे शब्द, ही युरोपची समजूतच त्याने मोडीत काढायला घेतली. दाखवणाऱ्यांना वसाहतीचा माल दाखवायचा होता. पाहणाऱ्या एकाला तिथे गुरू भेटले.

गोव्याचा यात कुठे संबंध येतो?

पोर्तुगालच्या बाजूने. तिथला हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९३४ मध्ये पोर्तो शहरात वसाहत प्रदर्शन भरवलं. तिथेही आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना बागेत 'गावं' करून बसवलं होतं. १९४० मध्ये लिस्बनला 'पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन' झालं. दोन्हीकडे गोवा 'पोर्तुगीज भारत' म्हणून मिरवला, चारशे वर्षांपूर्वीच्या पराक्रमाचा पुरावा म्हणून. त्या वेळी जिवंत असलेल्या गोवेकराला काय हवं आहे, हा त्या मांडणीचा विषयच नव्हता. लिस्बनच्या नदीकाठी दर्यावर्दींचं जे अवाढव्य स्मारक आज पर्यटक पाहतात, ते मुळात १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं. १९६० मध्ये ते दगड-काँक्रीटमध्ये कायमचं केलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला.

ऐन मंदीत शिकागोला प्रदर्शन परवडलं कसं?

नशीब आणि बेरकीपणा. १ कोटी डॉलरचे रोखे विक्रीला काढले २८ ऑक्टोबर १९२९ रोजी. दुसऱ्या दिवशी शेअरबाजार कोसळला. तरीही २७ मे १९३३ रोजी प्रदर्शन उघडलं, दुसऱ्या वर्षीही चाललं आणि रोखेवाल्यांचे पैसे फिटले. अशा प्रदर्शनांच्या इतिहासात ही जवळजवळ चमत्कारात जमा होणारी गोष्ट आहे.

दिवे लावले ते स्वाती नक्षत्राच्या ताऱ्याच्या उजेडाने. तो तारा सुमारे चाळीस प्रकाशवर्षं दूर, असा तेव्हाचा हिशेब. म्हणजे १८९३ साली शिकागोत आधीचं प्रदर्शन भरलं होतं तेव्हा निघालेला किरण आता पोहोचतोय. वेधशाळांनी तो दुर्बिणीतून प्रकाशविद्युत घटावर घेतला आणि त्या इवल्याशा विजेने बटण दाबलं गेलं. १८९३ म्हणजे विवेकानंदांच्या शिकागोचं साल, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

घोषवाक्य होतं: विज्ञान शोधतं, उद्योग राबवतो, माणूस जुळवून घेतो. शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचा. शहरात लाखो बेकार असताना हे भिंतीवर लिहायला छाती लागते.

लोक मात्र विज्ञानापेक्षा सॅली रँडच्या पिसाऱ्याच्या नाचाला आणि काचेच्या पेटीतल्या बाळांना गर्दी करत. ही बाळं खरी. अपुऱ्या दिवसांची. इस्पितळांकडे इनक्युबेटर नव्हते किंवा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून मार्टिन कूनी नावाचा माणूस वर्षानुवर्षं जत्रांमधून त्यांना जगवत होता. आईबापांकडून पैसा घ्यायचा नाही, बघ्यांकडून तिकीट घ्यायचं आणि त्यातून परिचारिकांचा खर्च भागवायचा. १९३४ मध्ये आधीच्या वर्षी वाचलेल्या मुलांना त्याने पुन्हा बोलावलं आणि त्यांचा मेळावा भरवला. हा तमाशा होता की सेवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९३७ च्या पॅरिसमधल्या त्या फोटोत समोरासमोर काय आहे?

आयफेल टॉवर मधे, एका बाजूला जर्मनीचं दालन, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रशियाचं. रशियाच्या माथ्यावर व्हेरा मुखिनाने घडवलेले कामगार आणि शेतकरीण, पोलादी, २४ मीटरहून उंच, हातोडा-कोयता उगारून धावत निघालेले. जर्मनीचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर. रशियाचा गुप्त आराखडा आपल्या नजरेस पडला आणि म्हणून आपण या आक्रमणाला अडवणारा भक्कम मनोरा काढला, असं त्यानेच पुढे लिहिलं. त्या मनोऱ्यावर गरुड बसवला. दोघे असे उभे की पंच शिट्टी कधी वाजवतो एवढंच बाकी. परीक्षकांनी दोघांनाही सुवर्णपदक देऊन टाकलं.

यजमान फ्रान्सचं काय? संप आणि दिरंगाईमुळे उद्घाटन १ मेवरून २५ मेवर गेलं आणि त्या दिवशीही बरीच दालनं अपुरी होती. जर्मन आणि रशियन दालनं मात्र तयार. हुकूमशाह्या वेळेत काम करतात, हा गैरसमज पसरायला असे प्रसंग पुरतात.

'गेर्निका' याच प्रदर्शनासाठी काढलं होतं का?

हो. स्पेनमध्ये यादवी पेटली होती आणि प्रजासत्ताक सरकारने पिकासोकडे मोठं चित्र मागितलं होतं. कित्येक महिने त्याला काही सुचत नव्हतं. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका गाव बेचिराख केलं. १ मेला त्याने पहिली रेखाटनं केली आणि महिनाभरात साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद चित्र झालं. काळं, पांढरं, करडं. रंग नाही.

स्पेनचं दालन लहान होतं आणि उघडलं जुलैत. आत शिरलं की एका भिंतीवर 'गेर्निका' आणि त्याच्यासमोर अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराचं कारंजं. पाण्याचं नव्हे, पाऱ्याचं. स्पेनमधल्या आल्मादेनच्या खाणीतला पारा, आणि त्या खाणीसाठी सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोचं सैन्य झुंजत होतं. लोक त्यात नाणी टाकत आणि नाणी तरंगत. पारा नाण्यापेक्षा जड. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. समोर फाटलेल्या तोंडाचा घोडा, मेलेलं मूल घेतलेली आई, आणि अलीकडे कुणीतरी हौसेने टाकलेली, न बुडणारी नाणी.

चित्राची तेव्हा फारशी वाहवा झाली नाही. ते १९८१ पर्यंत स्पेनला गेलं नाही. आज माद्रिदमध्ये आहे. कारंजं बार्सिलोनात काचेआड ठेवलंय, कारण पाऱ्याची वाफ विषारी.

न्यूयॉर्कमध्ये 'उद्याचं जग' दाखवलं होतं म्हणे. ते खरं ठरलं का?

राखेच्या उकिरड्यावर ते जग बांधलं होतं. फ्लशिंग मेडोजला शहराची राख टाकत, ती सपाट करून ३० एप्रिल १९३९ ला प्रदर्शन उघडलं. मधोमध एक पांढरा सुळका आणि एक पांढरा गोल.

जनरल मोटर्सच्या 'फ्यूचरामा'समोर सर्वांत लांब रांग. नॉर्मन बेल गेडेसने केलेला हा देखावा. सरकत्या खुर्चीत बसायचं, कानाशी निवेदन चालू, खाली १९६० सालची अमेरिका. लाखो चिमुकल्या इमारती, हजारो मोटारी, कित्येक पदरी रस्ते. शेवटी खुर्ची थांबे आणि माणूस चालत बाहेर पडे तो त्याच देखाव्यातल्या एका चौकात, पण आता पूर्ण आकाराच्या, आणि तिथे कंपनीच्या खऱ्या गाड्या उभ्या. जाताना छातीवर लावायला बिल्ला मिळे: 'मी भविष्य पाहिलं आहे'. ते खरं ठरलं, कारण ते विकणाऱ्यांनीच पुढे बांधून घेतलं. त्या रस्त्यांवर ट्रॅफिक जॅम होईल हे मात्र बिल्ल्यावर नव्हतं.

टेलिव्हिजनही तिथेच लोकांनी पाहिला. रूझवेल्ट यांचं उद्घाटनाचं भाषण पडद्यावर दिसलं. आत कोणी लपून नक्कल करत नाही ना, अशी शंका लोकांना येऊ नये म्हणून एका संचाची पेटी चक्क पारदर्शक केली होती.

वेस्टिंगहाउस कंपनीने ५० फूट खोल एक नळी पुरली. आत सेफ्टी पिन, गजराचं घड्याळ, बाईची टोपी, बिया, आइन्स्टाइनचं पत्र. उघडायची इसवी सन ६९३९ मध्ये.

मधेच युद्ध सुरू झालं, तेव्हा काय केलं?

एकेक दिवा विझत गेला. जर्मनी आधीपासूनच नव्हती. चेकोस्लोव्हाकिया हा देश मार्च १९३९ मध्येच नकाशावरून गेला, तरी त्याचं दालन उघडं राहिलं. रशियाने १९४० मध्ये आपलं दालन पाडून नेलं. घोषवाक्य 'उद्याचं जग' होतं, ते बदलून 'शांतता आणि स्वातंत्र्यासाठी' केलं. ४ जुलै १९४० रोजी ब्रिटिश दालनात बॉम्ब सापडला. तो बाहेर नेऊन तपासताना दोन पोलीस मेले. गुन्हेगार कधीच सापडला नाही. ब्रिटिशांनी मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मध्ययुगीन सनदेची, जुनी प्रत दाखवायला आणली होती, ती युद्ध संपेपर्यंत अमेरिकेतच अडकली. आणि तो पांढरा सुळका व गोल? मोडून त्यांचं पोलाद युद्धसामग्रीला दिलं. टोकियोचं १९४० चं आणि रोमचं १९४२ चं प्रदर्शन झालंच नाही.

भारतात असं काही कधी झालं का?

त्या तोलाचं नाही, पण उलट्या दिशेचं झालं. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. तिथलं खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन गांधीजींनी उघडलं. कमानी आणि मांडव चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून केले. पॅरिससाठी पोलादाच्या कामगारांची तयारी चालू होती त्याच हिवाळ्यात इकडे चरखा, घाणी आणि हातकागद दाखवत होते. ते पाहायला आलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी तीच वस्तू घरी करू शकत होता. फ्यूचरामाबद्दल असं म्हणता येत नाही.

आज यातलं काय पाहता येईल?

पॅरिसला गेलात तर पालै द शायो ही इमारत पाहा. १९३७ साठी बांधलेलं. १९४० मध्ये हिटलरने त्याच्याच गच्चीवर उभं राहून आयफेलसकट फोटो काढून घेतला आणि १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा त्याच इमारतीत संमत झाला. १९३१ चं वसाहत संग्रहालय आता स्थलांतरितांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. भिंतीवरची वसाहतींची शिल्पं तशीच आहेत, आत जाणाऱ्यांचे चेहरे बदललेत. मॉस्कोत मुखिनाची जोडी अजून धावते आहे. सेव्हिलचा प्लाझा दे एस्पान्या, म्हणजे तिथल्या १९२९ च्या प्रदर्शनाचा चौक, सुंदर आहे, फक्त उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका.

घरात वेम्बलीचं तिकीट किंवा बिल्ला सापडला. किंमत येईल का?

फार नाही. १९२४ ची लाल आणि तपकिरी तिकिटं भरपूर छापली होती. १९२५ मध्ये साल बदलून पुन्हा काढली, ती तुलनेने कमी मिळतात. तेव्हा आधी साल पाहा, भिंगातून. आमचं १९२४ चंच निघालं, आणि त्यावर शिक्काही असा बसलाय की नेमका सिंहाचा चेहरा झाकला गेलाय.